डॉक्टरबाईंची पहिली अट

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. पोलीस खात्यात उभी हयात घालवली, खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर ठाण्याच्या आवारातून आमचीच जीप ढकलत नेणारे महाभाग पाहिले. पण ज्या केसचा खरा आरोपी शेवटी मीच निघालो आणि तरीही पोटभर हसत घरी गेलो, अशी केस एकच. कुणाचं नाव सांगत नाही. माणसं अजून त्याच गावात राहतात आणि मीही निवृत्तीनंतर गोंदियाजवळ मुर्रीत घर बांधून राहतो, म्हणजे उद्या रस्त्यात गाठ पडायचीच.

तेव्हा मी दरेकशाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळ्याचे दिवस. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, संपत आला होता. सकाळची हजेरी आटोपून मी नुकताच पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो. समोर आमचे हवालदार स्टेशन डायरी लिहीत होते. हे हवालदार म्हणजे कागदाचा माणूस. घटना घडायच्या आधी तिचा फॉर्म तयार ठेवायची त्यांना भारी हौस. ठाण्यात सगळे म्हणत, आपण मेलो तर यांच्याकडे आपला पंचनामा आधीच लिहिलेला सापडेल.

फोन गोंदिया शहरातून आला. आमच्या हद्दीतल्या एका गावची बाई, वय तीस-बत्तीस, बेशुद्ध अवस्थेत तिथल्या एका दवाखान्यात दाखल झाली होती. कारण अज्ञात, विषबाधेचा संशय, म्हणून दवाखान्यानं पोलिसांना कळवलं होतं. मी तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला. तो बाईच्या भावाचा. तो कामठ्याचा शेतकरी.

"साहेब, माह्या बहिनीले सासरच्यांनं विष देल्लं. लिवून घ्या."

"कशावरून म्हणता?"

"काल सांजेले माह्यासंग फोनवर हासत बोलली. आज सकारी मुडदा होऊन पडली. विष नाही तं का हवा लागली?"

पोहे तसेच ठेवून आम्ही निघालो.

अतिदक्षता कक्षाच्या दाराशी वॉर्डबॉय भेटला. त्यानं माझी टोपी पाहिली आणि हळूच सांगितलं, "साहब, ये केस तो गया समझो. आँख की पुतली भी नहीं हिलती." आत गेलो. बाई पलंगावर निपचित. नळी तोंडात, छाती मशीनच्या ठेक्यावर वरखाली होत होती. एवढंच काय ते हलत होतं. मी आयुष्यात प्रेतं पुष्कळ पाहिली आहेत, आणि खरं सांगतो, मला त्या बाईत आणि त्यांच्यात काही फरक दिसला नाही.

तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बुटक्या, गळ्यात दोरीला बांधलेली छोटी बॅटरी. बोलणं मराठी-हिंदीची खिचडी आणि सरळ तोंडावर. मी विचारलं, "बाई वाचेल का?"

"माहीत नाही."

"मेली आहे का?"

"तेही माहीत नाही. आणि माहीत नसताना मी बोलत नाही. तुम्ही बोलता?"

मग त्यांनीच मला पलंगापाशी नेलं आणि समजावून सांगितलं. मी तेव्हा टिपण काढलं होतं, ते आजही माझ्याकडे आहे.

"मशीनवर असलेल्या माणसाचं हृदय चालू असतं, साहेब. म्हणून मेंदू मेला की नाही हे आम्हाला वेगळं तपासावं लागतं. डोळ्यात बॅटरी मारायची, बाहुली आकसते का बघायचं. बुबुळाला कापसाचं टोक लावायचं, पापणी मिटते का बघायचं. मान डावी-उजवी फिरवली की डोळे मागे राहतात की डोक्याबरोबर फिरतात ते बघायचं. कानात बर्फाचं पाणी सोडलं तर जिवंत मेंदूचे डोळे हलतात. भुवईच्या हाडावर जोरात दाबायचं, चेहरा वाकडा होतो का. घशात नळी फिरवायची, खोकला येतो का. आणि सगळ्यात शेवटी मशीन बाजूला करून, ऑक्सिजन चालू ठेवून, छाती स्वतःहून उठते का ते बघत उभं राहायचं. रक्तातला खराब वायू ठरल्या पातळीच्या वर गेला तरी छाती उठली नाही, तर ती परीक्षा संपली."

"म्हणजे एवढं झालं की सही?"

"नाही. चार डॉक्टर लागतात, ठरवून दिलेले. आणि ही सगळी परीक्षा निदान सहा तासांनी पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, तरच."

"मग करून टाका ना."

डॉक्टरबाईंनी बॅटरी गळ्यात सोडली. "तुम्ही गुन्हा दाखल व्हायच्या आधी आरोपपत्र पाठवता का? ही सगळी परीक्षा सुरू करण्याआधी माझ्या काही अटी आहेत. अंग थंड पडलेलं नको, रक्तदाब ठीक हवा, साखर-क्षार ठीक हवेत, अंगात गुंगीचं किंवा स्नायू लुळे पाडणारं औषध नको, विष नको. आणि पहिली अट, मेंदू एवढा बिघडला तो कशानं, याचं कारण माहीत हवं. हिच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला. स्वच्छ आहे. ना मार, ना रक्तस्राव. मग मेला कशानं? कारण आणून द्या, साहेब. कारण सापडेपर्यंत ही बाई माझ्या हिशेबी जिवंत आहे."

त्यांना सापाची शंका आलेली होती. पहिल्याच तासात त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, साप-विंचू दिसला का? तो नाही म्हणाला. अंगावर दाताची खूण नव्हती. तरीही त्यांनी सापाच्या विषावरचं इंजेक्शन शंकेवर सुरू केलं होतं. पण शंका ती शंकाच.

त्याच दुपारी आम्ही गावी पोहोचलो. घर नीटनेटकं, शेणानं सारवलेली ओसरी, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. घरी एकटे सासरे. बायको वारलेली, मुलगा सुनेजवळ दवाखान्यात. सासरे म्हणजे गावातलं मानाचं माणूस. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. विहारात पौर्णिमेची वंदना तेच घेत. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन चाले, ते वाचन ही सूनच करी. बाबाजींना तिच्या वाचनाचं एवढं कौतुक होतं की ती वाचत असताना कुणी खोकलं तरी ते वळून पाहत.

"जयभीम साहेब," भिंतीला धरत धरत ते उठले. "तुमचं त्या दिवशीचं भाषन मी पयल्या रांगेत बसून आयकलो होतो."

मला बरं वाटलं. आठ दिवसांपूर्वी वनखात्याच्या एका अधिकाऱ्याबरोबर मी त्याच विहाराच्या अंगणात भाषण दिलं होतं. विषय होता वन्यजीव कायदा. त्या पट्ट्यात साप दिसला की ठेचायची पद्धत, म्हणून मी आवाज चढवून सांगितलं होतं की साप मारला तर सरळ जेल, जामीन विसरा. टाळ्या पडल्या होत्या. माझ्या भाषणांना टाळ्या क्वचित पडत, म्हणून ते लक्षात होतं.

हकीकत त्यांनी सांगितली तीच नवऱ्यानं दवाखान्यात सांगितली होती. आदल्या सांजेला भात आणि तरोट्याची भाजी, सगळ्यांनी एकाच भांड्यातली खाल्ली. पहाटे सुनेच्या पोटात कळ उठली, उलटी झाली. मग पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, पाणी गिळेना. गाडी बोलावून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरनं श्वासाची नळी घातली आणि गोंदियाला धाडलं.

"झाडफूक वगैरे?" मी विचारलं. या भागात आधी तेच होतं आणि त्यात तासन्‌तास जातात.

बाबाजी ताठ झाले. "आमच्या घरी मांत्रिक नाही चालत, साहेब. दवाखाना चालते."

या एका वाक्यानं ती बाई दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचली होती, हे मला नंतर कळलं. आम्ही पंचनामा केला. उरलेला भात, भाजीचं भांडं, उलटीचा नमुना, गोठ्यातली धानावर फवारायच्या औषधाची बाटली, सगळं सील केलं. बाटलीचं बूच फोडलेलंच नव्हतं. शेजारच्या बायकांचे जबाब घेतले. भांडण नाही, मारहाण नाही, हुंड्याचा विषय नाही. उलट एक जण म्हणाली, "त्या घरी सूनच सासऱ्यावर वरडते का जी, का बाबाजी, औषीद घेतलं का नाही?" बाबाजी सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं देत होते, पण एकदाही माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते. मला ते खटकलं. पण ज्याची सून मरायला टेकली आहे तो म्हातारा कुठे पाहील, असं म्हणून मी सोडून दिलं. इथे मी चुकलो. पोलिसानं खटकलेली गोष्ट सोडू नये, ही साधी शिकवण मी नव्या पोरांना देत असे आणि स्वतः विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दवाखान्यात गेलो तर वेगळाच पेच. नवरा हातात एक कार्ड घेऊन डॉक्टरबाईंसमोर उभा. साधा माणूस, रात्रभर रडून डोळे सुजलेले. "मॅडम, तिनं मागच्या साली विहारातल्या शिबिरात अवयवदानाचा फारम भरला होता. मी नको म्हनलो तं माह्यावरच चिडली. आता ती गेलीच आहे तं तिच्या मनासारखं होऊ द्या. कोनाचा तरी जीव वाचंल. पन मग सोडा तिले, घरी नेतो. आमच्या काकांनं चार वाजता गाडी बोलावली आहे."

भाऊ पलीकडून ओरडला, "घरी नाही, आधी पोस्टमार्टम! विष निघते का नाही पाहू द्या!"

म्हणजे एकाला तिचे अवयव द्यायचे होते, एकाला तिची चिरफाड हवी होती, आणि दोघांचंही तिच्यावर प्रेम होतं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून हवालदारांना म्हणालो, "मर्गाचा कागद तयार ठेवा. बाई गेल्यातच जमा आहे." मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. हवालदारांनी तो कागद अर्थातच घरूनच आणला होता. स्टुलावर बसून त्यांनी तिथंच नवऱ्याला विचारायला सुरुवात केली. नाव, वय, धर्म, अंगावरची जुनी खूण, उंची. नवरा बिचारा डोळे पुसत म्हणाला, "पाच फूट एक."

डॉक्टरबाईंनी हे पाहिलं आणि त्या जी कडाडल्या, तशी झाडाझडती माझ्या वरिष्ठांनीही माझी कधी घेतली नाही. "उठा! काय चाललंय हे? माझ्या पेशंटच्या उशाशी बसून तिच्या मरणाचे कागद भरता? इथे जे बोलायचं ते तिला ऐकू येतंय असं समजून बोलायचं. समजलं?"

"पण मॅडम," मी म्हणालो, "तिला ऐकू..."

"कारण मिळालं का तुम्हाला?"

"नाही."

"मग माझी पहिलीच अट पुरी झालेली नाही. ना चार डॉक्टर बसणार, ना मी त्या परीक्षा घेणार, ना या कार्डाचा विचार होणार. ज्याला घाई आहे त्यानं बाहेर चहा प्यावा."

त्यांनी शहरातल्या एका मेंदूच्या डॉक्टरांना त्यांच्या यंत्रासह बोलावून घेतलं होतं. बाईच्या डोक्याला तारा चिकटवल्या आणि पडद्यावर रेघा उमटू लागल्या. मी विचारलं, "आता हे यंत्र सांगणार का?"

"यंत्र सही करत नाही, साहेब," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कधी परीक्षा पुरी घेता येत नाही, कधी मनात शंका राहते, तेव्हा मदतीला असल्या तपासण्या असतात. एक मेंदूच्या लहरी बघणारी, एक मेंदूत रक्त जातंय का ते बघणारी. तपासात तुम्ही मोबाइलचं लोकेशन काढता ना, तेवढीच त्यांची जागा. निकाल त्यावर लावायचा नसतो." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तिला हाक मारा. घरी मारता तशी."

नवऱ्यानं हाक मारली. आणि पडद्यावरच्या रेघा बदलल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं ते मला कळलं. संशयिताचा खोटेपणा उघडा पडला की दोन अंमलदार एकमेकांकडे तसेच पाहतात.

"घरमालकीण आत आहे," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "दारं-खिडक्या तेवढ्या बाहेरून कुणीतरी बंद केल्यात. नसा बंद, स्नायू बंद, म्हणून बाहुलीही हलत नाही. असं करणारी मोजकीच जनावरं आहेत आणि आपल्या भागातलं एक मला माहीत आहे. मण्यार. हिंदीत करैत म्हणतात. झोपेत चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पोटात कळ येते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता. "साप नाही दिसला, मॅडम. खरंच नाही दिसला."

भाऊ मानेना. "रेघा तं रेघाच. बहीन तं डोरा उघडून नाही राहिली. विषाचंच काम आहे."

काकांचंही तेच म्हणणं, की रेघांसाठी पोरीच्या देहाचे हाल किती दिवस करायचे. चार वाजता गाडी येणार म्हणजे येणार. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "मशीन चालू राहिलं तर विष आपोआप उतरतं, साहेब. काही दिवस लागतील, पण उतरतं. मशीनवरून काढून घरी नेली तर रस्त्यातच संपेल. माझ्या शब्दावर ही माणसं थांबत नाहीत. त्यांना साप दाखवा."

"चार वाजेपर्यंत साप कुठून आणू?"

"ते तुमचं काम. माझं मी करतेय."

अकरा वाजता जीप निघाली. रस्ताभर मी एकच विचार करत होतो, काल त्या घरात मला नेमकं काय खटकलं? डोळ्याला डोळा न देणं तर होतंच. पण आणखी काहीतरी होतं. साधारणपणे जिथे काही नवीन दिसतं तिथे पोलीस थांबतो. जिथे काहीतरी कमी असतं, तिथे चटकन लक्ष जात नाही. सालेकशाच्या पुढे एक म्हातारा गुराखी काठी टेकत रस्ता ओलांडताना दिसला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

बाबाजी काल भिंतीला धरून उठले होते. भाषणाच्या दिवशी मात्र त्यांच्याजवळ वेळूची काठी होती, खाली पितळी कडं बसवलेली. माझं भाषण चालू असताना पोरं गलका करू लागली, तेव्हा त्यांनी तीच काठी फरशीवर दोनदा आपटून त्यांना गप्प केलं होतं. असा माणूस काठीशिवाय घरात भिंती धरत का फिरतो?

घरी पोहोचलो. बाबाजी ओसरीवर बसलेले, समोर ताट तसंच झाकलेलं. मी टोपी काढली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि हवालदारांना दारातच थांबायला सांगितलं. चौकशी करताना कधी टेबल आपटायचं आणि कधी चटईवर बसायचं हे ज्याला कळतं, त्याला अर्धी केस कळते.

"बाबाजी, काठी कुठे आहे?"

ते दचकले. "मोडली."

"तुकडे दाखवा."

"जारले. चुलीत."

"पितळी कडं चुलीत जळत नाही, बाबाजी."

त्यांनी एकदा तसबिरींकडे पाहिलं. मग दोन्ही हात माझ्यापुढे केले, मनगटं जोडून. "घाला बेड्या, साहेब. मीच मारलो."

माझ्या पाठीमागे दारात उभ्या हवालदारांना वाटलं, खुनाची कबुली आली. बहुधा त्यांनी पेनही काढलं असावं.

"कोणाला मारलं?"

"सापाले." आणि म्हातारा हुंदके देऊन रडू लागला. "पोरगा अन् सून गाडीत गेले. मी तिचा बिछाना उचललो. चटईखाली होता, कारा, बारीक. हातातली काठी हानलो. मंग मले तुमचं भाषन आठवलं का, साप मारला तं सीधा जेल. अन् साहेब, मी सगळ्या गावाले पंचशील देतो. पयलंच शील मनतो का, जीवहिंसा करनार नाही. अन् मीच मारलो, तेबी वर्षावासात. लोकाले का तोंड दाखवू? म्हनून काठीसकट खाताच्या खड्ड्यात पुरलो."

"पण पोराला तरी सांगायचं! डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं!"

"त्याले कायले सांगू? सुनेच्या अंगावर दात नाही, रगताचा थेंब नाही. तिच्या तं पोटात दुखून राहिलं होतं. सापाचा अन् पोटाचा का संबंध, साहेब?"

त्या भाषणात एक वाक्य मी गाळलं होतं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला मारलेल्या जनावराबद्दल कायदा शिक्षा करत नाही. वनाधिकाऱ्यांनी मला टिपणात ते लिहून दिलं होतं. मी म्हटलं होतं, हे सांगितलं तर लोकांना पळवाट मिळेल, भाषणाचा दम जाईल. टाळ्यांसाठी गाळलेल्या त्या वाक्यानं एका सरळ माणसाचं तोंड बंद केलं होतं आणि त्याच्या सुनेला मशीनवरून उतरवायला गाडी निघाली होती.

"बाबाजी, बेड्या घालायच्या तर मला घाला," मी म्हणालो. "खड्डा दाखवा आधी."

बरोबरच्या शिपायानं शेणखताच्या खड्ड्यात फावडं मारलं. हातभर खाली पितळी कडं चमकलं आणि शेजारी तो, काळाशार, अंगावर बारीक पांढरे पट्टे. मी मोबाइलवर फोटो काढले. पण गावात बोलण्यापुरतीच रेंज, फोटो जाईना. तेवढी रेंज येते ती दरेकसा स्टेशनच्या फलाटावर. तिथे जाऊन मी हात उंच करून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागलो. मालगाडीची वाट पाहणारे रेल्वेचे कर्मचारी माझ्याकडे पाहत होते. पुलाकडच्या टोकाला एकदाचा फोटो गेला.

दोनच मिनिटांत डॉक्टरबाईंचा फोन. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ ऐकला. "मण्यारच. शाब्बास साहेब! आता थांबा, मी फोन मोठ्यानं लावते, तुम्हीच सांगा यांना."

मी फलाटावरून ओरडून सगळं सांगितलं. पलीकडून भावाचा आवाज आला, तोच कालचा फटकळ आवाज, पण आता ओला. "मंग माही बहीन जित्ती आहे का, मॅडम?"

"आहे. आणि तुम्ही सकाळी तिच्या कानाशी जे ओरडत होता तेही तिनं ऐकलं असेल. आता जरा चांगलं बोला."

बाबाजींना जीपमध्ये घालून आम्ही गोंदियाला आणलं. चार वाजता काकांची गाडी आली आणि रिकामी परत गेली. बाबाजी सुनेच्या उशाशी उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "सूनबाई, विहारात तुह्याबिगर वाचन बंद आहे. उठ माय."

पुढचे चार दिवस त्या खोलीत भलतीच गर्दी आणि गडबड. भाऊ तिला लहानपणच्या गोष्टी सांगायचा. नवरा शेताची खबर द्यायचा, रोवणा पुरा झाला म्हणून. मीसुद्धा रोज डोकावून उगाच "नमस्कार ताई" म्हणून यायचो, कारण डॉक्टरबाई बघत असायच्या. पाचव्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव." अंगठा हलला. केवढासा हलला, पण हलला. भावानं जागच्या जागी उडी मारली आणि सलाइनचा स्टँड पाडला. वॉर्डबॉय म्हणाला, "मैं तो पहले दिन से बोल रहा था, ये केस बचेगा." 

नळी निघाल्यावर तीन-चार दिवसांनी मी जबाब घ्यायला गेलो. कागदोपत्री केस बंद करायला तिचा जबाब लागत होता. ती उशीला टेकून बसली होती, अशक्त, पण डोळे असे की खोलीत काही लपून राहू नये. हवालदारांनी कागद काढला, घसा खाकरला. ते काही विचारायच्या आत तीच बोलली. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ.

"हवालदार साहेब, उंची चुकली. पाच फूट एक नाही, पाच फूट तीन आहे."

हवालदारांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"यांले माही उंचीबी माहीत नाही," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. "बारा वर्षं झाली लग्नाले." मग माझ्याकडे वळली. "अन् साहेब, तुमी म्हनले होते ना, बाई गेल्यातच जमा आहे? मी आतून केवढी वरडली का, नाही गेली जी, अठीच आहे! पन बोट हलेना, पापनी हलेना. मॅडम तुमच्यावर वरडल्या ना, तवा मले एवढं बरं वाटलं."

मी सरळ हात जोडले आणि माफी मागितली. गणवेशात मी कुणाची माफी मागितली ती तेवढीच. तिनं ती दिली, पण फुकट नाही. "तो कागद दाखवा आधी," म्हणाली.

सासरे कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. तिनं त्यांनाही सोडलं नाही. "बाबाजी, मारला तं मारला, लपवला काऊन? तुमच्या शीलाचं नंतर पाहिलं असतं. आधी माहं पाहाचं होतं." आणि मग हसली. बाबाजी हसले. खोलीतले सगळे हसले, दारात उभ्या डॉक्टरबाईसुद्धा. अवयवदानाचं कार्ड नवऱ्यानं खिशातून काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उशीखाली ठेवलं आणि म्हणाली, "हे राहू द्या. पन घाई करू नका."

सापाचा अहवाल मी वनखात्याला रीतसर पाठवला. त्यांनी कायदा वाचून बाबाजींना मोकळं केलं आणि मला एक टिपण पाठवलं, की पुढच्या भाषणात ते वाक्य गाळू नये. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी त्या पट्ट्यात जेवढी भाषणं दिली, त्यांची सुरुवात त्याच वाक्यानं केली. मग सांगायचो, खाटेवर निजा, मच्छरदाणी लावा, साप दिसला तर कुणाला तरी सांगा, मारला असेल तरी सांगा. टाळ्या पडल्या नाहीत. पण लोक येऊन सांगू लागले.

या केसनं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. भीती घालून कायदा पाळला जातो हे खरं, पण ज्याला आपण भ्यायला लावतो तो नेमक्या वेळी आपल्यापासून तोंड लपवतो. आणि दुसरं त्या बुटक्या डॉक्टरबाईंनी शिकवलं. कारण कळल्याशिवाय कुणाला मेलेलं म्हणायचं नाही, तसं कुणाला दोषीही म्हणायचं नाही. बाकीच्या सगळ्या परीक्षा त्यानंतर.

हवालदारांचा तो अर्धा भरलेला कागद आज माझ्याकडे आहे. निवृत्त होताना त्यांनीच मला दिला, काच लावून. त्यावर नाव आहे, वय आहे, आणि उंचीच्या रकान्यात 'पाच फूट एक' खोडून शेजारी थरथरत्या अक्षरात 'पाच फूट तीन' लिहिलं आहे. मर्गाच्या कागदावर मयतानं स्वतःच्या हातानं केलेली ही दुरुस्ती. खाली तिची सही आहे.